दहा ते सहा

आमच्या सासऱ्यांना कामावर सगळे टेस्टर म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि अडतीस वर्षं शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर खोचलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो आहे. सासूबाई तो फोटो दाखवताना दर वेळी म्हणतात, "मला वाटलं, वा, शिकलेला दिसतोय, खिशाला पेन लावलंय. जवळ जाऊन बघते तर हे!" आणि बाबा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

मी त्यांना बाबा म्हणते. मी त्यांचं काय केलं ते सांगायला बसलेय, पण माणूस कसा आहे ते आधी कळलं नाही तर तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? म्हणून जरा धीर धरा.

बाबांचा कामाचा एकच मंत्र. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलायच्या आधी वहीत लिहायची. घरातला मिक्सर बंद पडला तरी आधी वही. सासूबाई भांडं हातात घेऊन उभ्या, आणि हे शांतपणे लिहिताहेत, "बटण दाबलं. आवाज नाही. वास नाही." सासूबाई म्हणतात, "माझा आवाज येतोय ना? तो पण लिहा."

लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाबा आधी दारावर पान्याने ठोकायचे. मग काम. चावी आणायला कुणी गेलं असेल, नुसतं थांबण्याशिवाय हातात काही नसेल, तरी दोन-दोन मिनिटांनी टक टक. "आतल्या माणसाला आवाज यायला हवा," ते म्हणायचे. "आवाज थांबला की त्याला वाटतं, आपल्याला सोडून सगळे गेले. मग तो घाबरतो, दार ओढतो, नको ते करतो."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे पाटी. पत्र्याची, हातभर, लाल अक्षरांत लिहिलेलं, "माणूस कामावर आहे. चालू करू नये." लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी वरचं मेन स्विच पाडायचं आणि त्याला ही पाटी अडकवायची. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम. साहेब येऊ दे, दहा मजल्यांची माणसं जिन्यात उभी राहून आईमाई उद्धरू दे, दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. कारण खाली कुणीतरी असतं. निवृत्त झाले त्या दिवशी बाबा ती पाटी घरी घेऊन आले. सासूबाई अजून सांगतात, "लोक घड्याळ घेऊन येतात, आमचं ध्यान पत्रा घेऊन आलं."

आता संगीत. मशीनरूममध्ये एकट्याने बसायचं काम, म्हणून बाबांनी तिथे रेडिओ ठेवला होता, आणि रेडिओवर काही आवडलं की टेप करायचं. व्हायोलिन, बासरी, कुठल्या कुठल्या देशातले बँड, भाषा न कळणारी गाणी, काहीही. अकराशे चाळीस टेपा झाल्या. बुटांच्या खोक्यांत भरून पलंगाखाली. निवृत्तीनंतर चार वर्षं बसून त्यांनी एकेक टेप वाजवत सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि एका काळ्या पेटीत भरल्या. पेटी म्हणजे पुस्तकाएवढा डबा, आत दोन डिस्क. ती हॉलमधल्या कपाटात. हॉलमध्येच प्लेअर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. प्लेअर वायफायवरून पेटीतली टेप मागवतो आणि वाजवतो. हे सगळं ज्याच्यामार्फत चालतं तो राउटर मात्र माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर. हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, मला ती फार उशिरा कळली तरी. बाबांचे कान चालले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आधी वरचे सूर जातील, पक्षी, घंटी, बासरी, मग हळूहळू खाली. मशीन लावलं तर बोललेलं कळेल, पण संगीत आत्ता ऐकू येतंय तसं पुन्हा येणार नाही. हेडफोनसारखं कानाला लावून ऐकायचं काही वापरायचं नाही. किती दिवस? वर्ष म्हणा, कमी म्हणा. बाबा घरी आले, नवी वही काढली, एकपासून अकराशे चाळीसपर्यंत आकडे घातले, आणि टेप नंबर एक लावली. सासूबाईंना म्हणाले, "एकदा सगळ्यांना भेटून घेतो." रोज सहा-सात टेपा, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, आणि प्रत्येक आकड्यापुढे काय ऐकू आलं ते. हे त्यांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नाही. मुलालाही नाही, मला तर नाहीच.

आता माझी बाजू. बाजू कसली डोंबलाची, पण सांगते.

नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी झाली, तो पंधरा दिवसांनी एकदा येणार, म्हणून मी सासरी राहायला आले. मी इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात आहे, घरून काम करते, दहा ते सहा. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडाला एकच पाढा. "राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. पासवर्ड बदलला आहे का? खाली चिकटवलेला पासवर्ड कधीही ठेवू नये, सर." बाबांनी मला हॉलशेजारची खोली दिली, टेबल स्वतः पॉलिश करून दिलं. आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "आवाजाचा त्रास होत नाही ना गं तुला? बिनधास्त सांग, बंद करतो."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "छे हो बाबा! उलट मला छान वाटतं. कामाला सोबत होते."

गोड सून व्हायची हौस, दुसरं काय. बाबांचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. ते वाक्य माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. कारण बाबांचं संगीत म्हणजे हळू नव्हे. कान जात होते म्हणून आवाज मोठा, हे मला कुठे माहीत? मला वाटायचं, म्हाताऱ्याला शौक आहे.

आमच्या फोनवर देखरेख करणाऱ्या एक बाई असतात. त्या कधीही, कुठलाही कॉल ऐकतात आणि शेरा मारतात. मला पहिला शेरा आला, "पार्श्वभूमीला वाद्यसंगीत." महिन्याभरात दुसरा, "पार्श्वभूमीला पुन्हा वाद्यसंगीत. ग्राहकाने विचारले, लग्न आहे का?" आणि त्याखाली, सात आठवड्यांनी फेरतपासणी, तोवर तिसरा शेरा आला तर नोकरी संपली.

माझा जीव टांगणीला लागला. सरळ दोन पावलं चालत हॉलमध्ये जायचं आणि म्हणायचं, बाबा, दहा ते सहा जरा बंद ठेवता का? त्यांनी तिथल्या तिथे बंद केलं असतं. मला ठाऊक होतं, केलं असतं. पण मग मी तेव्हा म्हणाले ते खोटं होतं हे कळलं असतं ना! माझा स्वभाव असा मेला आहे की एकदा बोलले की बोलले. चूक कबूल करायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते.

म्हणून त्या गुरुवारी सकाळी मी कॉम्प्युटरवर राउटरचं सेटिंग उघडलं आणि त्यात एक नियम घातला. हॉलमधल्या प्लेअरला दहा ते सहा वायफायवर घ्यायचं नाही. सोमवार ते शनिवार. नियमाला नाव द्यावं लागतं, मी दिलं, "कामाची वेळ." पाच मिनिटांचं काम. दहाला हॉलमध्ये बासरी चालली होती, ती मधेच तुटली. मी हेडफोन घातला आणि पहिल्या ग्राहकाला म्हणाले, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

दुपारी बाबा दारात आले. "सूनबाई, दोन मिनिटं आहेत का? प्लेअर पेटीशी बोलतच नाहीये. तू यातली तज्ज्ञ."

तज्ज्ञ! मी तोंड वर करून म्हणाले, "प्लेअर बंद करा, तीस सेकंद थांबा, मग चालू करा." ते गेले. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, ते मोठ्याने मोजत होते. एक, दोन, तीन. तीसपर्यंत. एकही आकडा गाळला नाही. ग्राहक मध्ये गाळतात, मला कळतं. बाबा गाळत नाहीत. त्या दिवशी मी जेवले नाही. पण नियम काढला? नाही काढला.

संध्याकाळी सहाला संगीत आपोआप सुरू झालं. पण सहानंतर सासूबाईंच्या मालिका, शेजारपाजार, कुकर, त्या गोंधळात बाबा पाच मिनिटं ऐकायचे आणि बंद करायचे. मला वाटायचं, चला, हौस फिटली.

मग बाबांनी शोध सुरू केला. स्टुलावर चढून वायरी बघितल्या. प्लेअर उचलून स्वयंपाकघरात नेला, सासूबाईंनी तो कणकेच्या परातीशेजारी बघून कपाळाला हात लावला. फोनवरून पेटी उघडून बघितली. रोज मला एखादा प्रश्न. "नेटवर्कवरचा पत्ता बदलला असेल का गं पेटीचा?" "असेल, बाबा." "दोघांना एकच पत्ता मिळाला असेल का?" "होऊ शकतं, बाबा." माझ्याकडे रोज एक नवं खोटं तयार, आणि ते रोज ते खोटं खरं मानून करून बघायचे. सासूबाई चिडवायच्या, "एवढ्या लिफ्ट चालवल्या, एक डबा चालवता येईना! टेस्टर लावून बघा, शॉक बसला तर निदान तुम्ही तरी चालू व्हाल." बाबा हसायचे आणि पुन्हा खाली बसायचे, पेचकस घेऊन.

माझे कॉल मात्र स्वच्छ. देखरेखवाल्या बाईंनी लिहिलं, "सुधारणा लक्षणीय."

नवरा आला तेव्हा म्हणाला, "बाबा, नवा प्लेअर घेऊन टाकू." बाबा म्हणाले, "नको. कारण कळल्याशिवाय भाग बदलायचा नाही." मी ताटातलं चिवडत बसले. नवऱ्याने रात्री विचारलं, तुला काय झालंय, तर मी त्याच्यावरच खेकसले. आपण चुकलेलो असलो की दुसऱ्यावर ओरडायला फार बरं वाटतं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी जेवताना मी सासूबाईंना सहज म्हणाले, "आई, बाबा किती मनाला लावून घेताहेत नाही? संध्याकाळी ऐकता येतंच की."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. त्या कधी घास खाली ठेवत नाहीत, बोलता बोलता जेवतात. त्यांनी मला सगळं सांगितलं. डॉक्टर, कान, वर्ष म्हणा की कमी म्हणा, अकराशे चाळीस. "चारशे तेरापर्यंत आले होते गं," त्या म्हणाल्या. "आता सकाळी दहाच्या आत एखादी होते, रविवारी पाच-सहा. अशाने कसले पुरे होताहेत! सकाळी उठल्यावर खिडकीशी उभे राहतात. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, चिमण्या आहेत का बघतो. ऐकू यायला हव्यात ना त्या, बघायच्या कशाला?" आणि पदराने डोळे पुसून लगेच मला दम दिला, "तू बोलू नकोस हां त्यांना. माझं नाव येईल."

आता इथे मला सांगायला लाज वाटते. हे ऐकल्यावर कुणीही माणूस उठला असता, खोलीत गेला असता आणि तो नियम काढून टाकला असता. मीही उठले. खोलीत गेले, राउटरचं सेटिंग उघडलं, नियम समोर. आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. फेरतपासणीला दोन आठवडे उरले होते. मी मनाशी म्हणाले, दोनच आठवडे. मग सगळं मोकळं. एवढे गेले, अजून दोन. आणि सेटिंग तसंच बंद केलं.

आधीचे पाच आठवडे मला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला समजावू शकते. पुढच्या दोन आठवड्यांचं काय समजावू? ते बारा दिवस मी रोज दहाला घड्याळाकडे बघितलं. रोज भिंतीपलीकडे बाबांची खुडबुड चालू. पान्याचा आवाज, कपाटाचं दार, कधी नुसतीच टक टक. मी हेडफोनचा आवाज वाढवायची.

शुक्रवारी अकरा वाजता मेल आला. फेरतपासणीत पास, नोकरी कायम. मी खुर्चीतून उडी मारली. आणि तेव्हासुद्धा माझं डोकं कसं चाललं बघा. मी ठरवलं, नियम गुपचूप काढायचा, पण त्याआधी हॉलमध्ये जाऊन कपाट उघडायचं, पेटीची एखादी वायर हलवायची, आणि बाबा आले की म्हणायचं, "बाबा, सापडलं बरं का! वायर सैल होती." बाबा कौतुक करतील. तज्ज्ञ म्हणतील. निर्लज्जपणाला काही सीमा?

बाबा भाजी आणायला गेले होते, सासूबाई स्वयंपाकघरात. मी कपाट उघडलं.

पेटीला पाटी अडकवलेली होती. तीच, पत्र्याची, लाल अक्षरांची. "माणूस कामावर आहे. चालू करू नये."

मला आधी काही कळेना. पाटीमागे वही होती, ती काढली. बाबांचं अक्षर ठसठशीत, मोठं.

"गुरुवार. टेप ४१३, बासरी. वरचे सूर स्वच्छ. १० वाजता तुटली. पेटीचे दिवे ठीक. ६ वाजता आपोआप चालू.

शुक्रवार. १० ला बंद. प्लेअर स्वयंपाकघरात नेला. फरक नाही. ६ ला चालू.

शनिवार. फोनवरून पेटी उघडते. म्हणजे पेटी ठीक, वायफाय ठीक. पुन्हा १० ते ६.

रविवार. दिवसभर वाजलं. बिघाड सुट्टी घेत नाही. माणूस घेतो.

सोमवार. सूनबाई जेवायला उठल्यावर लांब वायर थेट राउटरला लावली, आवाज शून्यावर. प्लेअरचे सेकंद पळायला लागले. लगेच काढली. राउटरच्या खाली चिकटवलेला पासवर्ड घालून आत बघितलं. नियम सापडला. नाव, कामाची वेळ.

बिघाड नाही. पाटी आहे. सूनबाई खाली उतरलेली आहे. कुणी हात लावू नये.

शोध चालू ठेवावा. आवाज येत राहायला हवा."

त्यापुढे पानोपान, रोजची तारीख आणि दोन शब्द, "शोध चालू." सात आठवड्यांचे. मी बोट ठेवून खाली खाली गेले. पाचव्या आठवड्यातल्या त्या दुपारची तारीखही होती. शोध चालू. कालची पण होती.

पाचव्या दिवशीच त्यांना कळलं होतं. खाली चिकटवलेला पासवर्ड! लोकांना दिवसातून चाळीस वेळा सांगणारी मी, माझ्याच घरचा बदलला नव्हता. त्यांना कळलं होतं, आणि एक वायर लावली की त्यांचं सगळं संगीत दिवसभर परत होतं. ती त्यांनी लावली नाही. उलट रोज स्टुलावर चढले, रोज मला प्रश्न विचारले, माझी खोटी उत्तरं वहीत न लिहिता करून दाखवली, बायकोची बोलणी खाल्ली. का? तर मला वाटू नये की आपलं उघडं पडलं. मी आत अडकलेली होते, आणि ते बाहेरून पान्याने ठोकत बसले होते. आणि ती भिंतीपलीकडची टक टक ऐकू येऊ नये म्हणून मी हेडफोनचा आवाज वाढवला होता.

मी कपाटापाशी खाली बसले आणि रडले. आवाज न करता रडायचं म्हटलं तरी जमेना. सासूबाई हात पुसत आल्या. "अगं बाई, काय झालं? नोकरी गेली की काय?"

"राहिली," मी म्हणाले, आणि आणखी रडले.

"मग रडतेस काय मेले?"

तेवढ्यात बाबा आले, हातात पिशवी. कपाट उघडं, वही माझ्या मांडीवर. त्यांनी पिशवी शांतपणे टेबलावर ठेवली.

"बाबा," मी म्हणाले, "बिघाड नव्हता. मीच बंद केलं होतं. पहिल्या दिवशी संगीताची सोबत होते म्हणाले ते पण खोटं होतं. आणि कानाचं मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं, तरी मी चालू केलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांना माहीत नव्हतं. वहीत ते नव्हतं. ते मला कळलं, कारण बाबांचा खिशाला हात गेला, टेस्टर चाचपला, तसाच ठेवला.

"नोकरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"राहिली."

"मग जा, तुझी पाटी काढ. ती मला काढता येत नाही."

मी खोलीत गेले आणि नियम काढला. परत आले तर बाबांनी पेटीवरची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. सासूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"कुठली लावू, बाबा?"

"चारशे तेरा. लिफ्ट ज्या मजल्यावर अडकते ना, दुरुस्तीनंतर पहिली फेरी त्याच मजल्याची. ठेवून दिली होती मुद्दाम."

मी लावली. आवाज होता तिथपर्यंत वाढवला, मग आणखी वाढवला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. बासरी सुरू झाली, आधी खाली, सावकाश. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले, मांडीवर टेपांच्या आकड्यांची वही, हातात पेन्सिल. खालचे सूर चालू होते तोवर त्यांची मान हलत होती. मग बासरी चढायला लागली. चढत चढत अगदी बारीक होऊन वर गेली आणि तिथे थांबून राहिली, खोलीभर, इतकी की खिडकीची काच थरथरत होती.

बाबांची मान थांबली. त्यांनी कानामागे हात धरला. प्लेअरकडे बघितलं, सेकंद पळत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "बंद पडली का गं?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "चालू आहे. वर आहे."

"असं होय," ते म्हणाले. वहीत चारशे तेरापुढे सात आठवड्यांपूर्वीच्या "स्वच्छ"च्या शेजारी जागा होती. पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. "खाली आली की सांग. आणि तू लिही, काय ऐकू येतंय ते."